ऐकणाऱ्या साहेबांनाही नमस्कार

मोबाईलवरून तुम्ही शेवटचा जो मेसेज पुढं पाठवलात, तो ज्या माणसाबद्दल होता त्याच्यासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवाल का?

घाईनं हो म्हणू नका. मोबाईल काढा, आधी तो मेसेज बघा. मी थांबते.

हा प्रश्न माझा नाही. गारखेड्यात मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्या घरमालकांचा आहे. सगळी कॉलनी त्यांना काका म्हणायची, मीही काकाच म्हणते. त्यांचं नाव इथं लिहिलं तर त्यांना आवडेल, कारण नाव लपवून बोलणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग आहे. पण या हकिगतीत आणखी एक माणूस आहे. त्याला मी शफीक म्हणेन, ते त्याचं खरं नाव नाही. त्याचा एक फोटो अजून फिरतोय. तो थांबवायला काका घराबाहेर पडले होते आणि आता त्यांच्या गुडघ्यांनी काम सोडलंय. म्हणून हे लिहायला बसले. स्वस्थ बसवत नाही हे खरं कारण.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ते ट्रंक कॉलच्या बोर्डावर होते. दोन गावांतली माणसं जोडून द्यायची आणि लाइन नीट लागली का हे बघायला थोडं ऐकायचं. थोडं म्हणजे किती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नोकरीला लागताना गुप्ततेची शपथ घेतली होती, ती ते अजून पाळतात. मी खोदून विचारलं की एकच सांगायचे, "ऐकणाऱ्याला सगळं ऐकू येतं पोरी, कळत काहीच नाय. बाई रडतीय एवढं कळतं. का रडतीय ते तिच्या घरी गेल्याबगर कळत नसतंय."

त्यांना पक्की खात्री होती की आता सगळ्यांचंच ऐकलं जातं. बरं, त्याबद्दल त्यांची तक्रारही वेगळीच होती. ऐकणारा माणूस अंधारात बसतो, त्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना सहन व्हायचं नाही. म्हणून फोन लागला की ते आधी म्हणायचे, "नमस्कार. ऐकणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. जालन्याला बहिणीशी बोलतोय. तिच्या गुडघ्याचा विषय आहे, तुमच्या कामाचं काही नाय. तरी ऐकायचं तर ऐका." मग पलीकडून बहीण ओरडायची, आणि गुडघ्याचा विषय सुरू व्हायचा.

कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या खांबाला कॅमेरा बसला तेव्हा त्याचं तोंड नेमकं काकांच्या फाटकाकडं आलं. दुसरा कुणी चिडला असता. काका रोज सकाळी पिशवी घेऊन खांबाखाली उभे राहायचे आणि मान वर करून सांगायचे, "बाजारात चाललोय. मेथी बरी दिसली तर मेथी, नायतर चुका." येताना पुन्हा थांबून पिशवी उघडून दाखवायचे. काकू ओट्यावरून बघत असायच्या. त्यांचं दुःख वेगळं होतं. "लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या मला म्हणायच्या, "त्या डांबाला सांगतेत कुठं चाललो ते. मला कधी सांगितलं नाय."

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडं येते.

कॉलनीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तुमच्याही कॉलनीचा असेल, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. सकाळी फुलं, दुपारी कचऱ्याची गाडी, संध्याकाळी देश. काश्मीर, स्फोट, कोण कुणाचे फोन ऐकतं, सरकार काय दडवतं, आणि दडवतं तेच बरं करतं की नाही. शहराचं नाव घेतलं तरी भांडण पेटायचं. कुणी संभाजीनगर लिहिलं, कुणी जुन्या सवयीनं औरंगाबाद लिहिलं, की संध्याकाळ गेली. काका नुसतं 'आपलं गाव' लिहायचे. एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक मेसेजच्या खाली स्वतःचं पूर्ण नाव, प्लॉट नंबर आणि शेवटी 'घरी या, चहा मिळेल'. दहशतवादावरच्या मेसेजखालीही चहा मिळेल.

पण ते ग्रुपवर वाद घालत नसत. कुणी काही जहरी टाकलं की काका वाचायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, आणि स्कूटर बाहेर काढायचे. त्या माणसाच्या घरी जायचे. चहा होईपर्यंत मुलांची, पाण्याची, गावाकडच्या माणसांची चौकशी. कप खाली ठेवला की स्वतःचा मोबाईल त्याच्या हातात द्यायचे. "हे तुमचं. जरा वाचून दाखवा."

माणसं वाचायला लागायची आणि दुसऱ्या ओळीत अडखळायची. जे बोटानं सहज गेलेलं असतं ते तोंडातून जाता जात नाही. बायको आतून ऐकत असते, मुलगी गृहपाठ करत असते. 'ह्यांना' म्हणून सुरू झालेलं वाक्य पूर्ण करायला घरात जागाच नसते. मग बहुतेक जण हसायचे. "अहो काका, ते दुसरीकडून आलेलं. मी फक्त पाठवलं."

"म्हणजे पोस्टमन व्हय तुम्ही? पोस्टमनला पगार असतो."

एवढं बोलून ते उठायचे. जिंकल्याचा आव नाही, उपदेश नाही. घरी येऊन काकूंना सांगायचे की त्यांच्याकडं चहात आलं फार घालतात.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली. मोर्च्याच्या पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली असायचे, आणि त्यांतल्या मोठ्या ठशांवरून मी अक्षरं शिकले. माझा पहिला वाचलेला शब्द 'धिक्कार' होता, असं आई सांगते. तर मी ग्रुपवर नव्हे, पण इंटरनेटवर टोपणनावानं लिहायचे, आणि ते कुणीतरी काकांना दाखवलं. ते दम खात जिना चढून वर आले. खुर्चीवर बसून मोबाईल पुढं केला. मी वाचायला लागले. 'या रक्तपिपासू व्यवस्थेला' इथपर्यंत आले आणि माझाच आवाज मला परका वाटला.

"व्यवस्था म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. "नाव सांग. मी जाऊन येतो."

मी हसले नाही, भांडले. म्हटलं, काका, सगळीच माणसं प्लॉट नंबरवर सापडत नाहीत. ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं दडवून ठेवणं वेगळं, आणि ज्याला मार बसेल त्यानं नाव दडवणं वेगळं. ते म्हणाले, दडवणं ते दडवणंच. त्यावरून आमचं जिन्यात उभं राहून कितीदा तरी वाजलं. अतिरेक्यांना फाशीच दिली पाहिजे असं त्यांचं मत होतं, मला कुणालाच फाशी नको होती, त्यावरूनही वाजलं. "फाशी द्याच," ते म्हणायचे, "पर माणूस बरोबर पकडा आधी." खालून काकू भांडं आपटायच्या, की जेवण थंड होतंय.

शफीक खालच्या मागच्या खोलीत राहायचा. खुलताबादचा. शेंद्र्याला एका कंपनीत मशीनवर होता, बहुतेक रात्रपाळी. कॉलनीत त्याला कुणी खोली देत नव्हतं. कुणी स्पष्ट नाही म्हटलं नाही. नाव ऐकलं की खोली आदल्याच दिवशी गेलेली असायची. काकांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, पाण्याची मोटार रिकामी चालली तर बंद करायला उठशील का. तो हौ म्हणाला आणि सामान घेऊन आला.

कॉलनीचे सेक्रेटरी बांधकामाचे ठेकेदार होते. गावाकडं शेती, इथं दुमजली घर, दारात जीप. कॅमेरा त्यांनीच बसवला होता. वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचंय. काकूंना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा जीप त्यांनीच काढली. त्यांचा पुतण्या सीमेवर होता आणि तिकडं काही झालं की त्या घरात टीव्ही बंद होत नसे. ग्रुपवर त्यांचं आवडतं वाक्य होतं, ज्याला काही लपवायचं नाही त्यानं कॅमेऱ्याला कशाला भ्यावं. काका एकदा त्यावर त्यांच्या घरी गेले आणि समोर बसून नुसते बघत राहिले. चहा आला, तरी नजर हलवेनात. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, काय बघताय काका? काका म्हणाले, काही नाय, नुस्तं बघतोय. तुम्हाला लपवायचं काही नाय ना.

ही गोष्ट सांगून आम्ही पुष्कळ हसलो. शफीक हसला नाही.

काका त्याला म्हणायचे, तूही जा त्यांच्याकडं. बस, चहा घे, कोण कुठला सांग. माणसाला माणूस दिसला की निम्मं मिटतं. शफीक दारात उभा राहून बूट घालत होता. तो म्हणाला, "नक्को काका. तुम्ही गेलात तर चहा मिळतो. मी गेलो तर फोटो निघेल."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लई विचार करतोस म्हणाले. मी मात्र ते वाक्य उचललं आणि तेच त्यांच्यावर फेकलं. म्हटलं, तुमच्यासाठी दार उघडतं ते तुमच्या आडनावामुळं, तुमच्या पांढऱ्या केसांमुळं. तुमचं हे शहाणपण त्याच्या उपयोगाचं नाही. त्यावर ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पाणी सोडल्याचं सांगायलासुद्धा काकूंना वर पाठवायचे.

पाणी. सगळं तिथंच येऊन अडतं.

आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मधे बरेच दिवस जातात, आणि ज्या दिवशी येणार तो दिवस कधी पुढं जातो, कधी मागं. ज्याला आधी कळलं त्याची टाकी भरते. बाकीचे टँकरला फोन लावतात. आमच्या भागाला कुठल्या दिवशी, किती वाजता पाणी सोडणार, एवढंच काकांनी पाण्याच्या ऑफिसात माहितीच्या अधिकारात विचारलं होतं. उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. काकांना आयुष्यात इतका आनंद कधी झाला नसेल. ते उत्तर घेऊन ते दारोदार हिंडले. म्हणायचे, पाणी कवा येणार हे शत्रूला कळलं तर तो काय बादल्या भरून ठेवील? सेक्रेटरी म्हणाले, काका, देशाच्या सुरक्षेची थट्टा करू नका. काका म्हणाले, माझ्या तांब्याचा देशाशी संबंध काय ते सांगा, मग नाही करत.

आणि त्यानंतर एक चमत्कार झाला. काकांना पाणी येणार हे आधीच कळायला लागलं. सकाळी सगळ्यांच्या आधी ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा, 'आज पाणी येणार. मोटारी तयार ठेवा. घरी या, चहा मिळेल.' आणि पाणी यायचं. चुकलं असं क्वचितच. लोक म्हणायचे, काकांचा ऑफिसात कुणीतरी आहे. रस्त्यात थांबवून विचारायचे, कोण आहे सांगा ना. काका हसून स्कूटरला किक मारायचे. सेक्रेटरींच्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांनी घर भरलं होतं, त्या दिवशीही काकांच्या मेसेजमुळंच त्यांची टाकी भरली. त्यांनी काकांना सगळ्यांदेखत शाल दिली. ते गुपित मला, काकूंना आणि शफीकला माहीत होतं.

रात्रपाळी संपली की कंपनीची बस शफीकला मोठ्या रस्त्यावर सोडायची. तिथून चालत येताना वाटेत पाण्याची मोठी टाकी लागते. टाकीच्या अंगावर आत पाणी किती आहे ते दाखवणारी पट्टी आहे. पाणी वरपर्यंत असेल आणि आमच्याकडचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या लाइनमनची गाडी खाली उभी असेल, तर आज पाळी आमची. शफीक पट्टीचा आणि गाडीचा फोटो काढून काकांना पाठवायचा. बस्स, एवढंच. काकांनीच त्याला हे काम सांगितलं होतं.

पुढं दूरच्या एका शहरात बसमध्ये स्फोट झाला. माणसं गेली, त्यांत मुलं होती. बातमी आली तेव्हा काका ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. ग्रुप उकळायला लागला. सेक्रेटरी झोपले नसावेत, कारण त्यांचा पुतण्या त्याच बाजूला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. पहाटे ते फिरायला म्हणून बाहेर पडले आणि टाकीपाशी त्यांना शफीक दिसला. मोबाईल वर धरून उभा. त्यांनी झाडाआडून त्याचा फोटो काढला.

सकाळी ग्रुपवर पाण्याच्या मेसेजच्या पाठोपाठ तो फोटो आला. शफीक अर्धा वळलेला, हातात मोबाईल, मागं टाकी. खाली मजकूर असा: 'हा इसम रोज पहाटे आपल्या टाकीचे फोटो काढतो. भाडेकरू आहे. कुठून आला, कोणाला फोटो पाठवतो? टाकीत काही कालवलं तर? सावध राहा, सर्वांना पाठवा.' मजकुरात त्याचं खरं नावही होतं, ते मी इथं गाळलंय.

लोकांनी मोटारी सुरू केल्या, टाक्या भरल्या आणि तो मेसेज पुढं पाठवला. दोन्ही कामं त्यांनी एकाच वेळी केली.

पोलीस आले तेव्हा काका बाजारात होते. शफीक झोपलेला होता. ते ओरडले नाहीत, हात लावला नाही, फक्त चौकशीला चला म्हणाले आणि मोबाईल घेतला. शफीकनं जाताना मोटारीचं बटण बंद केलं, कारण वरची टाकी भरून वाहत होती. काकूंनी त्याच्या मागं धावत जाऊन डब्यात पोळी दिली. मी चौकीत जायला निघाले तर काका आले. मी मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पण पुसला नाही.

"चल," म्हणाले.

मला वाटलं चौकीत. त्यांनी स्कूटर सेक्रेटरींच्या दारात थांबवली. नेहमीची पद्धत. चहा नको म्हणाले, हे तेवढं नवीन. मोबाईल पुढं केला.

सेक्रेटरींनी वाचला. न अडखळता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, खणखणीत. "मी लिहिलंय," ते म्हणाले. "पुन्हा लिहीन. लेकरं मेलीत तिकडं. तुम्ही काय मला लाजवायला आलात?"

काकांचं जे एकमेव हत्यार होतं ते तिथं बोथट झालं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी मोबाईल परत घेऊन खिशात टाकला. मग म्हणाले, "तुम्ही विचारलंय, कुणाला फोटो पाठवतो म्हणून. मला पाठवतो. मीच सांगितलं होतं काढायला."

"तुम्ही? कशाला?"

"आज पाणी येणार हे मला कसं कळत होतं, काय वाटलं तुम्हाला?"

आतल्या मोरीत पाणी पडत होतं. सेक्रेटरींना ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी तिकडं बघितलं. मग त्यांनी जे विचारलं ते रास्तच होतं. "मग हे आधी का नाही सांगितलं कुणाला?"

ऑफिसानं दिवस सांगितला नाही म्हणून दारोदार हिंडलेल्या माणसाला हा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांनी पुढं कधीतरी, मी न विचारता, मला दिलं. म्हणाले, लोक रस्त्यात थांबवून विचारायचे ना, ते गोड लागत होतं. ज्याच्याजवळ गुपित असतं त्याला मान असतो. सगळ्या ऑफिसांत असंच होत असंल. सुरक्षा वगैरे मागून सुचत असंल.

त्या दिवशी मात्र ते एवढंच म्हणाले, चुकलं माझं, आता चला. सेक्रेटरी स्कूटरवर मागं बसले, मी रिक्षानं गेले.

चौकीत शफीक बाकावर बसला होता. अंगात कंपनीचा शर्ट, शेजारी पोळीचा डबा, न उघडलेला. काकांना बघून तो उठून उभा राहिला. सेक्रेटरींना बघून बसला नाही, तसाच उभा. सेक्रेटरी आतल्या साहेबांकडं जायला लागले तेव्हा काकांनी त्यांना अडवलं. मोबाईल काढला.

"साहेबांना मागून सांगा," काका म्हणाले. "आधी याच्यासमोर वाचा."

सेक्रेटरींनी मोबाईल हातात घेतला. 'हा इसम' म्हणाले. पुढं 'रोज पहाटे' पर्यंत आले. त्यांनी मान वर केली. शफीक त्यांच्याकडं बघत होता, रागानं नाही, घरात मोठं माणूस काही वाचून दाखवताना मुलं ऐकतात तसं, लक्ष देऊन. सेक्रेटरींचे ओठ हलले, टाकीत काही कालवलं या शब्दांपाशी आवाज गेला. घरी जे वाक्य एका दमात गेलं होतं ते इथं जाईना. घरी समोर काका होते. ते वाक्य काकांबद्दल नव्हतंच.

शफीक म्हणाला, "साहेब, साखरपुड्याला पाणी पुरलं ना?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

सेक्रेटरींनी साहेबांना सगळं सांगितलं, लिहून दिलं. संध्याकाळी शफीकला सोडलं. मोबाईल तपासाला गेलाय म्हणाले, तो फार उशिरा परत आला. त्यात टाकीच टाकी होती. कंपनीनं सांगितलं, सगळं मिटेपर्यंत घरी बस. मिटलं असं कुणी लिहून देईना, म्हणून ती नोकरी गेली. काका म्हणाले भाडं देऊ नको, राहा. तो नक्को म्हणाला. ज्या सकाळी तो गेला त्या सकाळी तो टाकीच्या रस्त्यानं न जाता लांबच्या रस्त्यानं बसपर्यंत गेला. आता खुलताबादला मामाच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईकानं पैसे द्यायला मोबाईल वर धरला तरी तो मान खाली घालतो.

सेक्रेटरींनी ग्रुपवर माफी मागितली, मेसेज काढून टाकला. तोवर तो सगळीकडं पोचला होता. तो मागं बोलावता येत नाही. काही दिवसांनी नांदेडच्या कुणाकडून तोच फोटो आला, टाकी त्यांची म्हणून. पुढं कुठं काही झालं की तो पुन्हा निघायचा, दर वेळी नव्या मजकुरासह, शफीकच्या नावाच्या जागी दुसरंच कुठलं तरी नाव.

काका मग त्या फोटोच्या मागं लागले. ज्याच्याकडून आला त्याच्या घरी जायचं, त्यानं पुढं कुणाला पाठवला ते विचारायचं, मग त्याच्या घरी. हडको, पडेगाव, चिकलठाणा, स्कूटर नेईल तिथं. चहा घ्यायचे, मोबाईल द्यायचे, पण आता आधी म्हणायचे, "हा पोरगा समोर बसलाय असं समजून वाचा." काहींनी वाचलं आणि काढून टाकला. काहींनी दार लावलं. एका ठिकाणी त्यांचाच फोटो काढला गेला आणि 'हा म्हातारा घरोघर फिरून चौकशी करतो, सावध राहा' म्हणून तोही फिरला. त्याची त्यांना मौज वाटली. मला वाटली नाही. एवढ्या दारांवर एकटा म्हातारा जाऊन काय होणार, असं मी म्हटलं, आणि ते म्हणाले, व्यवस्था म्हणजे कोण ते मला आता जरा जरा कळायला लागलंय, त्याचे प्लॉट नंबर सापडतेत.

नाव लपवण्याबद्दल त्यांचं मत बदललं का, हे मला माहीत नाही. पण मी हे लिहितेय असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, माझं नाव टाक, पोराचं टाकू नको. मी दोघांचंही टाकलं नाही.

गेल्या महिन्यात भेटायला गेले होते. काका पलंगावर, गुडघ्यांना पट्टे. जिना सोडा, ओटासुद्धा उतरवत नाही. स्कूटरवर काकूंनी लोणच्याच्या बरण्या वाळत ठेवल्या होत्या. मी असतानाच जालन्याहून बहिणीचा फोन आला. "नमस्कार," काका म्हणाले, "ऐकणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. आज माझ्या गुडघ्याचा विषय आहे." मग फोन बाजूला ठेवून मला म्हणाले, परवा पुन्हा आला बघ तो फोटो. आता कोण जाईल?

म्हणून तुम्हाला विचारतेय. तो फोटो तुमच्याकडं येईल. एक मुलगा, अर्धा वळलेला, हातात मोबाईल, मागं पाण्याची टाकी. तो नाही आला तर त्याच्यासारखा दुसऱ्या कुणाचा येईल. पुढं पाठवू नका. त्याच्याखाली वादही घालू नका, तिथं कुणाला कुणी दिसत नाही. ज्यानं पाठवला त्याचं घर तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याकडं जा. बसा, चहा घ्या, मुलाबाळांची चौकशी करा. मग मोबाईल त्याच्या हातात द्या आणि सांगा, ज्याचा फोटो आहे तो समोर बसलाय असं समजून मोठ्यानं वाचा.

तुमचे गुडघे चांगले आहेत. उठा.